दवाखान्यात जाऊ का, हे आधी शेजारणीला विचारतात. अमेरिकेच्या सीमेवरच्या ‘प्रोमोतोरां’ची कसोटी

साखर वाढली आहे, पायाला मुंग्या येतात, जखम भरत नाही. मग दवाखान्यात जायचं की नाही? अमेरिका-मेक्सिको सीमेवरच्या अनेक स्पॅनिशभाषक घरांत हा प्रश्न आधी डॉक्टरकडे जात नाही. तो जातो गल्लीतल्याच एका बाईकडे. तिला तिथे ‘प्रोमोतोरा’ म्हणतात. आपल्याकडे आशाताई असतात, साधारण तसंच तिचं काम.

पूर्वी लोक तिला विचारायचे, खर्च किती येईल, तिथे आपली भाषा कोणी बोलतं का. आता त्यात एक प्रश्न वाढला आहे: तिथे गेल्यावर पकडणार तर नाहीत ना? याचं उत्तर देणं प्रोमोतोराला दिवसेंदिवस अवघड होत चाललं आहे. तिची सगळी ताकद लोकांच्या विश्वासावर उभी आहे आणि नेमका तोच आता पणाला लागला आहे.

पाणी-गटार नसलेले प्लॉट

ही सीमा सुमारे ३,१०० किलोमीटर लांब आहे. कॅलिफोर्निया, अ‍ॅरिझोना, न्यू मेक्सिको आणि टेक्सास ही अमेरिकेची चार राज्यं तिला लागून आहेत. टेक्सासच्या दक्षिण टोकाला रिओ ग्रांदे नदीच्या खोऱ्यात हिदाल्गो, कॅमेरॉन, स्टार असे जिल्हे आहेत. तिथे दहातली किमान नऊ माणसं लॅटिन अमेरिकी मुळाची आहेत. यातले बहुसंख्य लोक अमेरिकेचेच नागरिक आहेत, हे लक्षात ठेवायला हवं. पण एकाच घरात आई कागदपत्रांविना, बाप कायदेशीर परवान्यावर आणि मुलं जन्मानं नागरिक, असंही चित्र सर्रास दिसतं.

टेक्सासमध्ये अशा लोकांच्या दोन हजारांहून जास्त वस्त्या आहेत. त्यांना ‘कोलोनिया’ म्हणतात. आपल्याकडे गुंठेवारीत प्लॉट पडतात, तसाच हा प्रकार. जमीनमालकांनी शहराबाहेर स्वस्तात तुकडे पाडले आणि हप्त्यानं विकले. रस्ता, नळ, गटार काहीच दिलं नाही. अनेक व्यवहारांत शेवटचा हप्ता फिटेपर्यंत जमीन नावावर होत नव्हती. राज्यानं १९८९ मध्ये पाणी-सांडपाण्याच्या कामांसाठी खास निधीची योजना आणली. त्यानंतर बऱ्याच ठिकाणी सोयी झाल्या, पण सगळीकडे नाही.

आजाराचं म्हणाल तर मधुमेह इथे घरटी पाहुणा झाला आहे. आणि आरोग्य विमा नसलेल्यांचं प्रमाण टेक्सासमध्ये साऱ्या अमेरिकेत सर्वाधिक आहे. म्हणून दातांसाठी, औषधांसाठी ज्यांना शक्य आहे ते सीमा ओलांडून मेक्सिकोत जातात. अ‍ॅरिझोनातल्या युमाजवळ पलीकडच्या बाजूला लोस आल्गोदोनेस नावाचं गाव तर दातांच्या दवाखान्यांसाठीच प्रसिद्ध आहे. ज्यांच्याकडे कागद नाहीत, त्यांना हा रस्ताही बंद. पलीकडे गेलं तर परत येता येणार नाही.

ती नेमकं करते काय?

प्रोमोतोरा डॉक्टर नाही, नर्सही नाही. ती औषध लिहून देत नाही. ती घरी येते, स्वयंपाकघरात बसते, रक्तदाब मोजते, साखरेच्या गोळ्या वेळेवर घेतल्या का ते विचारते. दवाखान्याचं इंग्रजी पत्र वाचून दाखवते, फोन लावून तारीख घेऊन देते. उत्पन्न पाहून फी लावणारं सामुदायिक आरोग्य केंद्र कुठे आहे, हे तिला पाठ असतं. कोणाच्या तरी अंगणात दहा-पंधरा बाया जमवून ती बैठक घेते. तिला ‘प्लातिका’ म्हणजे गप्पा म्हणतात. रोजच्या जेवणातला तोर्तिया, म्हणजे तिथली मक्याची भाकरी, बंद करा असं ती सांगत नाही, कारण ते कोणी ऐकणार नाही. चारच्या दोन खा, सोबत भाजी वाढवा, थंड पेयाची बाटली आणू नका, असं सांगते.

लोक तिला मानतात ते याच कारणानं. ती त्याच वस्तीत राहते, तीच भाषा बोलते, तिच्याही घरात मधुमेह असतो. नळाचा अर्ज असो की मुलाच्या शाळेचा, बाया तिच्याकडेच जातात. म्हणजे आरोग्य खात्याच्या कागदावर तिचं काम एक, आणि वस्तीच्या हिशेबात तिचं काम दहापट.

सगळंच गोड आहे असंही नाही. पुरुष मंडळी बैठकीला कमी येतात. शेजारीण आहे म्हटल्यावर आपला आजार गल्लीभर होईल, या शंकेनं काही जण तिच्यापासून लपवतातही. आणि ती ज्या डॉक्टरकडे पाठवणार, तो परवडला तरच तिच्या सांगण्याचा उपयोग. टेक्सासमध्ये किडनी गेलेल्या, कागद नसलेल्या अनेकांना नियमित डायलिसिस मिळत नाही. जिवावर बेतल्यावर इमर्जन्सीत नेलं की तेव्हढ्यापुरतं होतं. तिथे प्रोमोतोराचाही इलाज चालत नाही.

सरकारलाही तिची किंमत कळली

अ‍ॅरिझोनाच्या युमा भागात शेतमजूर गरोदर बायांसाठी १९८७ मध्ये प्रोमोतोरांचा उपक्रम सुरू झाला. पुढे राज्यानं तो आपला कार्यक्रम म्हणून उचलला. टेक्सासनं १९९९ मध्ये कायदा करून प्रमाणपत्राची वाट मोकळी केली. त्यासाठी १६० तासांचं प्रशिक्षण असतं. २०१० मध्ये केंद्राच्या व्यवसायांच्या यादीत या कामाला स्वतंत्र नोंद मिळाली. जानेवारी २०२४ पासून ज्येष्ठांच्या ‘मेडिकेअर’ या सरकारी विम्यातूनही, डॉक्टरच्या देखरेखीखाली केलेल्या अशा कामाचे पैसे मिळू लागले.

हे चांगलंच झालं. पण अजूनही अनेकींचा पगार अनुदानावर चालतो. अनुदान संपलं की काम संपलं. दुसरी गोष्ट अशी की, ती जितकी कार्यालयाची होत जाते, तितकी वस्तीला प्रश्न पडतो: ही आपली की सरकारची? हातात फॉर्म घेऊन आलेल्या बाईला नाव-पत्ता सांगताना माणूस दोनदा विचार करतो.

भीती कुठून आली?

२०१९ मध्ये ट्रम्प सरकारनं नियम आणला. सरकारी मदत घेतली तर ते ग्रीन कार्डच्या अर्जात विरोधात जाऊ शकेल, असा त्याचा अर्थ होता. हा नियम २०२१ मध्ये मागे पडला. पण त्या काळात ज्यांना तो लागूच नव्हता, अशा नागरिक मुलांचीही नावं पालकांनी भीतीपोटी योजनांतून काढली.

नोव्हेंबर २०२४ पासून टेक्सासमधली रुग्णालयं, राज्यपालांच्या आदेशानुसार, रुग्णाला तो देशात कायदेशीर आहे का हे विचारू लागली. उत्तराचा उपचारावर परिणाम होणार नाही, असं रुग्णाला सांगणं बंधनकारक आहे. पण प्रश्न ऐकूनच माणूस दारातून फिरला तर?

जानेवारी २०२५ मध्ये केंद्रानं दवाखाने, शाळा, चर्च इथे शक्यतो अटकेची कारवाई करायची नाही, हे जुनं धोरण काढून टाकलं. जून २०२५ मध्ये गरिबांच्या ‘मेडिकेड’ विम्यातल्या लाभार्थ्यांची माहिती स्थलांतर पाहणाऱ्या खात्याला दिल्याचं बाहेर आलं. त्यात सीमेवरच्या कॅलिफोर्नियातले लोकही होते. राज्यं कोर्टात गेली. पण ‘तुमची माहिती कुठे जाणार नाही’ असं ज्यांनी दारोदारी सांगितलं होतं, त्या बायांचं काय?

खरी मेख इथेच आहे. माहितीचं काय करायचं हे वर बसलेले लोक ठरवतात, शब्द मात्र प्रोमोतोरानं दिलेला असतो. अधिकारी बदलीवर जातो. तिला त्याच गल्लीत राहायचं असतं. एकदा तिचा शब्द खोटा पडला की पुढची लस, पुढची तपासणी, पुढची गरोदर बाई, सगळंच अडतं.

अशा वेळी तिच्या हातात एकच गोष्ट उरते: जेवढं पक्कं आहे तेवढंच सांगणं. इमर्जन्सीत आलेल्या रुग्णाची तपासणी करून त्याला स्थिर करणं १९८६ च्या कायद्यानं रुग्णालयाला भाग आहे, हे ती सांगू शकते. टेक्सासमध्ये त्या प्रश्नाचं उत्तर न देण्याची मुभा आहे, हेही सांगू शकते. वाटेत कोणी अडवणार नाही, याची हमी मात्र ती देऊ शकत नाही. सीमेपासून आत, उत्तरेकडे जाणाऱ्या रस्त्यांवरही तपासणी नाकी आहेत. कागद नसलेल्या माणसाला मोठ्या शहरातल्या तज्ज्ञ डॉक्टरकडे जायचं तर ती पार करावी लागतात.

जामखेडचा धागा

‘गावातलीच बाई, गावाचं आरोग्य’ ही कल्पना आपल्याला नवीन नाही. डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे यांनी १९७० मध्ये जामखेडला हेच काम सुरू केलं. जागतिक आरोग्य संघटनेनं १९७५ मध्ये काढलेल्या पुस्तकात जामखेडचा प्रयोग आणि लॅटिन अमेरिकेतल्या ग्वाटेमालाचा प्रयोग दोन्ही छापले होते. २००५ नंतर आशाताई आल्या. मानधनासाठी त्यांना आझाद मैदानात बसावं लागलं, तेही सर्वांनी पाहिलं.

प्रोमोतोराचं मानधन आणि प्रमाणपत्र हे प्रश्न आहेतच. पण सीमेवरचा अनुभव त्यापुढचं सांगतो. दारावर येणाऱ्या बाईला लोक जी माहिती देतात, ती तिच्या भरवशावर देतात. ती माहिती कशासाठी वापरणार हे आधी स्पष्ट सांगणं आणि नंतर न बदलणं, ही जबाबदारी सरकारची आहे. ती पाळली गेली नाही, तर त्याचा जाब द्यायला वस्तीत समोर उभी असते ती प्रोमोतोराच.