रिकाम्या प्लेटचा अर्थ : सूक्ष्मजीवशास्त्राच्या पहिल्या सत्रात काय शिकवले पाहिजे?

जागतिक आरोग्य संघटनेने ऑक्टोबर २०२५ मध्ये प्रतिजैविकांना न जुमानणाऱ्या जिवाणूंविषयीचा आपला अहवाल प्रसिद्ध केला. २०२३ मध्ये प्रयोगशाळेत निश्चित झालेल्या जिवाणुसंसर्गांपैकी जगभरात दर सहांपैकी एक संसर्ग औषधाला दाद देत नव्हता. भारताचा समावेश असलेल्या आग्नेय आशिया विभागात हे प्रमाण दर तिनांपैकी एक होते. आकडा गंभीर आहे आणि त्याची चर्चाही झाली. मात्र असा आकडा मुळात तयार कसा होतो, हा प्रश्न क्वचितच विचारला जातो. कुठल्या तरी इस्पितळाच्या प्रयोगशाळेत रुग्णाचा नमुना येतो, त्यातील जिवाणू पोषक माध्यमावर वाढवला जातो, औषधांपुढे त्याची परीक्षा होते आणि कोणीतरी निकाल वाचून नोंदवतो. राष्ट्रीय व जागतिक आकडेवारी ही अशा असंख्य नोंदींची बेरीज असते. त्या नोंदी करणाऱ्यांत सूक्ष्मजीवशास्त्राचे पदवीधर मोठ्या संख्येने असतात. म्हणून त्यांना पहिल्या सत्रात काय शिकवले जाते, हा केवळ महाविद्यालयाच्या वेळापत्रकाचा विषय राहत नाही.

विद्यापीठ अनुदान आयोगाने निवड-आधारित श्रेयांक पद्धतीसाठी जो नमुना अभ्यासक्रम आखला, त्यात पहिल्या सत्राचा पहिलाच विषय सूक्ष्मजीवशास्त्राची ओळख आणि सूक्ष्मजीवांची विविधता हा होता. त्याला ६० तास व्याख्यानांचे आणि ६० तास प्रात्यक्षिकांचे. ऑटोक्लेव्ह, इनक्युबेटर व सूक्ष्मदर्शक यांची ओळख, पोषक माध्यम तयार करणे, ते निर्जंतुक करणे, बुरशी व शैवाल यांचे निरीक्षण अशी प्रात्यक्षिकांची यादी आहे. त्यातले एक प्रात्यक्षिक दिसायला अगदी साधे आहे. न्यूट्रियंट अगारची प्लेट हवेत काही वेळ उघडी ठेवायची, मग इनक्युबेटरमध्ये ठेवायची आणि दुसऱ्या दिवशी तिच्यावर उगवलेल्या वसाहती पाहायच्या. देशभरातील विद्यापीठांनी पुढे आपापले अभ्यासक्रम बदलले, राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानंतर श्रेयांकांची वाटणीही बदलली; पण हे प्रात्यक्षिक बहुतेक ठिकाणी या ना त्या रूपात टिकून आहे.

अडचण त्याच्या नंतरच्या दिवशी सुरू होते. एका गटाच्या प्लेटवर साठ वसाहती, दुसऱ्याच्या प्लेटवर अकरा आणि तिसऱ्याची प्लेट कोरी. ज्ञानाच्या दृष्टीने तिसरी प्लेट सर्वांत मोलाची. परंतु प्रत्यक्षात अनेक प्रयोगशाळांत ती सर्वांत आधी टाकून दिली जाते. विद्यार्थी शेजारच्या गटाचा आकडा उतरवून घेतो, फेअर जर्नलमध्ये सुबक आकृती काढतो, खाली ठराविक निष्कर्ष लिहितो आणि स्वाक्षरी मिळवतो. यात त्याचा एकट्याचा दोष नाही. गुण स्वच्छ जर्नलला आहेत, अपेक्षित उत्तराला आहेत. कोरी प्लेट का कोरी राहिली, हे शोधणाऱ्याला गुणपत्रिकेत जागाच नाही.

वास्तविक कोऱ्या प्लेटमध्ये प्रास्ताविक सूक्ष्मजीवशास्त्राचा निम्मा अभ्यासक्रम सामावलेला असतो. हवेत सूक्ष्मजीव नव्हते, असे ती प्लेट सांगत नाही. या अन्नावर, या तापमानाला, इतक्या वेळात आणि प्राणवायूच्या सान्निध्यात वाढू शकणारे काही उगवले नाही, एवढेच ती सांगते. विषाणू तिच्यावर कधीच उगवणार नाहीत, कारण त्यांना जिवंत पेशी लागते. प्राणवायू सहन न होणारे जिवाणू उगवणार नाहीत. अनेक बुरशींना ३७ अंशांपेक्षा कमी तापमान मानवते. क्षयरोगाचा जिवाणू या साध्या माध्यमावर वाढत नाही. अंड्याच्या खास माध्यमावरही त्याची वसाहत दिसायला कित्येक आठवडे लागतात. जगातील क्षयरुग्णांपैकी सुमारे एकचतुर्थांश ज्या देशात आहेत, त्या देशाच्या विद्यार्थ्याने चोवीस तासांनंतर कोऱ्या दिसणाऱ्या प्लेटवरून हवा शुद्ध असल्याचा निष्कर्ष लिहावा, ही केवळ परीक्षेतील चूक म्हणता येणार नाही. पुढे आयुष्यभर सोबत राहणारी विचाराची सवय त्यातून घडते.

नकारार्थी निकालाचा अर्थ लावता येणे किती महत्त्वाचे असते, याचे उदाहरण शोधण्यासाठी परदेशी जाण्याची गरज नाही. रॉबर्ट कॉख यांनी १८८४ मध्ये कोलकात्यात पटकीच्या रुग्णांमधून जिवाणू वेगळा केला आणि हा जिवाणू एखादे विष निर्माण करत असावा, असा तर्क मांडला. ते विष सिद्ध होण्यास पुढे पाऊण शतक लागले. प्रयोग होत राहिले. पण प्रौढ सशाला तोंडावाटे जिवाणू देऊन पटकी होत नसे आणि प्राण्यांच्या शरीरात इतरत्र टोचून रोगाचे खरे लक्षण दिसत नसे. कोलकात्याचे विकृतिशास्त्रज्ञ शंभुनाथ डे यांनी प्रश्नाची जागाच बदलली. ज्या रोगात पाणी आतड्यातून वाहते, त्याचे विष आतड्यातच का पाहू नये? त्यांनी सशाच्या लहान आतड्याचा एक भाग दोन्ही बाजूंनी बांधून त्यात जिवाणू सोडले आणि तो भाग द्रवाने फुगतो, हे १९५३ मध्ये दाखवले. त्यानंतर १९५९ मध्ये, जिवाणू गाळून काढलेल्या नुसत्या द्रवानेही तोच परिणाम होतो, हे त्यांनी ‘नेचर’मध्ये प्रसिद्ध केले. पटकीचे विष सापडले ते असे. साधने साधी होती. आधीच्या नकारार्थी निकालांचा अर्थ ‘विष नाही’ असा नसून ‘चुकीच्या ठिकाणी पाहिले गेले’ असा आहे, हे ओळखण्यात त्या कामाचे मर्म होते. नोबेल विजेते जोशुआ लेडरबर्ग यांनी नोबेलसाठी डे यांचे नाव सुचवले होते. आज किती विद्यार्थी पहिल्या सत्रात लुई पाश्चर आणि कॉख यांच्या बरोबरीने त्यांचे नाव वाचतात, हा प्रश्न प्रत्येक विभागाने स्वतःला विचारण्यासारखा आहे.

दुसरे उदाहरण अलीकडचे आणि कटू आहे. २०२३ मध्ये अमेरिकेत औषधांना न जुमानणाऱ्या स्यूडोमोनास जिवाणूच्या संसर्गाची साथ भारतात तयार झालेल्या कृत्रिम अश्रूंच्या थेंबांशी जोडली गेली. तेथील रोगनियंत्रण केंद्राच्या नोंदीप्रमाणे १८ राज्यांत ८१ रुग्ण आढळले, १४ जणांच्या दृष्टीला हानी पोहोचली, चौघांचा डोळा काढावा लागला आणि चौघांचा मृत्यू झाला. अमेरिकी औषध प्रशासनाने उत्पादनाच्या त्रुटींमध्ये सूक्ष्मजैविक चाचण्यांच्या अभावाचा उल्लेख केला. उलट भारतात तपासलेल्या नमुन्यांत दूषितता आढळली नसल्याचे सांगण्यात आले. या वादाचा निवाडा येथे करण्याचे कारण नाही. पण ‘नमुन्यांत काही आढळले नाही’ या वाक्याचे वजन किती, हे मात्र गणिताने पाहता येते. एखाद्या उत्पादन-तुकडीतील दर शंभरांपैकी एक बाटली दूषित आहे असे समजा. त्यातून २० बाटल्या तपासल्या, तर दूषित बाटली हाती न लागण्याची शक्यता सुमारे ८२ टक्के असते. म्हणजे तुकडी सदोष असूनही सर्व चाचण्या निर्मळ येण्याचीच शक्यता अधिक. म्हणूनच निर्जंतुक औषध हे शेवटच्या चाचणीवर विसंबून बनवता येत नाही. ते प्रत्येक पायरीवरील शिस्तीतून बनते. हे गणित बारावी उत्तीर्ण विद्यार्थ्याला सहज समजते. ते पहिल्या सत्रात शिकवले जात नाही, कारण कोरी प्लेट म्हणजे ‘प्रश्न संपला’ असे गृहीत धरलेले असते.

इस्पितळाच्या प्रयोगशाळेतही हीच गोष्ट वेगळ्या रूपात घडते. प्रतिजैविकाची चकती जिवाणूंनी माखलेल्या अगारवर ठेवली की तिच्याभोवती वाढ न झालेले वर्तुळ तयार होते आणि त्याच्या व्यासावरून औषध उपयोगी की निरुपयोगी हे ठरते. या अगारची जाडी सुमारे चार मिलिमीटर असावी लागते. थर पातळ पडला तर वर्तुळ मोठे दिसते आणि औषधाला न जुमानणारा जिवाणू औषधाला बळी पडणारा भासू शकतो. अशा वेळी चूक पकडून देतो तो सोबत तपासलेला प्रमाण जिवाणू, ज्याचे वर्तुळ किती असावे हे आधीच ठाऊक असते. त्याचा आकडा मर्यादेबाहेर गेला, तर त्या दिवशीचा निकाल थांबवण्याचे धैर्य तंत्रज्ञाकडे असावे लागते. पदवीच्या तीन-चार वर्षांत ज्याने एकदाही नकोसा आकडा जर्नलमध्ये लिहिला नाही, त्याच्याकडून हे धैर्य एकाएकी अपेक्षिणे अन्यायाचे आहे.

या मताला विरोध होईल आणि तो अगदीच निराधार नाही. तुकड्या मोठ्या आहेत, ऑटोक्लेव्ह एकच आहे, वीज जाते, अगार महाग आहे, प्रयोगशाळा-साहाय्यकांची पदे रिक्त राहतात. एका श्रेयांकाच्या प्रात्यक्षिकाला सत्रभरात ३० तास मिळतात. त्यातले काही सुट्ट्या आणि परीक्षा खाऊन टाकतात. अशा स्थितीत प्रत्येक प्लेटमागचे कारण शोधत बसणार कोण, असे प्राध्यापक विचारतील. यावर आभासी प्रयोगशाळांचा पर्याय सुचवला जातो. प्रात्यक्षिकाची पूर्वतयारी म्हणून त्या निश्चितच उपयुक्त आहेत. परंतु आभासी प्लेटवर तेच उगवते, जे आज्ञावलीत लिहिलेले असते. ती कधी अनपेक्षित कोरी राहत नाही, तिच्यावर झाकण उघडताना पडलेली बुरशी वाढत नाही. नेमके जे शिकायचे, तेच तिच्यातून वगळलेले असते.

आणि हे शिकवण्यासाठी नव्या इमारती लागत नाहीत. चार साध्या गोष्टी पुरेशा आहेत. पहिली, प्रत्येक तुकडीने एक प्लेट न उघडता इतरांसोबत इनक्युबेटरमध्ये ठेवावी; तिच्यावर काही उगवले तर दोष हवेचा नसून निर्जंतुकीकरणाचा आहे, हे लगेच उमजते. त्याचबरोबर मुद्दाम जिवाणू लावलेली एक प्लेट ठेवावी. तीही कोरी राहिली तर माध्यमच निकामी आहे. दुसरी, सर्व गटांचे आकडे फळ्यावर जसेच्या तसे लिहावेत. सरासरी १०० वसाहती अपेक्षित असतील, तर निव्वळ यदृच्छेने एखाद्या प्लेटवर ९० आणि दुसरीवर ११० येणे स्वाभाविक आहे. वीस जर्नलांत ९८ हाच आकडा दिसला, तर तो अचूकपणाचा नव्हे, नकलेचा पुरावा होय. तिसरी, निरीक्षण त्याच दिवशी, त्याच वहीत, शाईने लिहावे. चुकल्यास एक रेघ मारून शेजारी तारीख टाकावी. औषधनिर्मिती उद्योगात नोंदीची हीच रीत पाळावी लागते, मग ती पदवीच्या शेवटी कशासाठी शिकायची? चौथी, प्रात्यक्षिकाच्या गुणांपैकी काही गुण अनपेक्षित निकालाच्या स्पष्टीकरणासाठी राखून ठेवावेत.

सुरक्षिततेची अट अर्थात कायम आहे. हवेतून काय उगवले हे ठाऊक नसते, म्हणून अशी प्लेट उष्मायनानंतर उघडू नये, बंद झाकणातूनच पाहावी आणि टाकण्यापूर्वी ऑटोक्लेव्हमध्ये निर्जंतुक करावी. पण हा नियमही पाठांतराने नव्हे, कारण समजल्यानेच पाळला जातो. ज्याला कोऱ्या भागातही काही असू शकते हे पटले आहे, तो प्लेट निष्काळजीपणे कचऱ्यात टाकणार नाही.

देशात प्रतिजैविक-प्रतिरोधाविरुद्धची पहिली राष्ट्रीय कृती योजना २०१७ मध्ये आली. प्राण्यांच्या खाद्यात वाढीसाठी कोलिस्टिन वापरण्यावर २०१९ मध्ये बंदी घालण्यात आली. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेचे सर्वेक्षण-जाळे २०१३ पासून कार्यरत आहे. धोरणे, बंदी आणि जाळी यांची गरज निर्विवाद आहे. परंतु ही सारी यंत्रणा अखेरीस प्लेटकडे पाहणाऱ्या डोळ्यांवर उभी आहे आणि ते डोळे अठराव्या-एकोणिसाव्या वर्षी, महाविद्यालयाच्या प्रयोगशाळेत घडतात. तेव्हा येत्या सत्राच्या प्रात्यक्षिक परीक्षेत बहिःस्थ परीक्षकांनी ग्रॅम रंजनातील रंगांचा क्रम विचारावाच. पण त्यासोबत प्रत्येक विद्यार्थ्याला आणखी एक प्रश्न विचारावा. वर्षभरात तुमची कोणती प्लेट बिघडली आणि ती का बिघडली, हे तुम्ही कसे शोधले? ज्याच्याकडे या प्रश्नाचे उत्तर असेल, त्याचे जर्नल थोडे डागाळलेले असले तरी त्याला पूर्ण गुण द्यावेत.