पुढचा मास्तर कोण?

आमच्या घरी दिवाळीला दोन राज्यांचे पाहुणे जमतात. थोरली बहीण बालाघाटला दिलेली. तिचे यजमान, म्हणजे आमचे भाऊजी, पक्के मध्यप्रदेशी. धाकट्या बहिणीचा मुलगा नोकरीनिमित्त नागपूरला असतो आणि स्वतःस विदर्भाचा एकमेव तारणहार समजतो. १९५६ साली राज्यांची फेररचना झाली त्यापूर्वी हा सारा मुलूख एकाच राज्यात होता, असे आमचे वडील नेहमी सांगत. एरवी आम्हांलाही गोंदिया आणि बालाघाट यांत परकेपणा जाणवत नाही. पण चिवड्याच्या ताटाभोवती क्रिकेटचा विषय निघाला, की सरहद्द थेट आमच्या ओसरीवरून गेल्यासारखी वाटते.

२०२४ सालच्या दिवाळीची गोष्ट. त्या वर्षीच्या मार्चमध्ये रणजी करंडकाच्या अंतिम सामन्यात मुंबईने विदर्भाला वानखेडे मैदानावर १६९ धावांनी हरवले होते. पहिल्या डावात आपला संघ अवघ्या १०५ धावांत गारद झाला होता. ते दुःख भाच्याच्या मनात आठ महिने मुरत पडले होते. नवा हंगाम सुरू होऊन जेमतेम तीन आठवडे लोटले होते, पण त्याचा निकाल लागून चुकला होता.

"मामाजी, मास्तर बदलल्याशिवाय काही खरं नाही!" तो म्हणाला.

मास्तर म्हणजे प्रशिक्षक उस्मान घनी. विदर्भाकडून खेळलेला, घरचा माणूस. भाच्याची तक्रार नेमकी हीच होती. घरचा माणूस पोरांना भीत घालू शकत नाही, बाहेरचा कडक माणूस आणा, चंद्रकांत पंडितांसारखा! पंडितांचे नाव निघताच भाऊजींनी करंजी खाली ठेवली. "पंडित आमचे. आमच्या मध्यप्रदेशाचे कर्णधार होते ते. तुमच्याकडे तर नुसते पाहुणे म्हणून आले." मग जे रण माजले ते दुपारच्या जेवणापर्यंत. शेजारचे दोघे आले, पानठेल्यावरचा एक आला आणि प्रत्येकाने आपापला उमेदवार उभा केला. मी कॅलेंडरच्या फाटक्या पानामागे ती नावे टिपून घेतली. सात भरली. त्यांतले एकही येथे देत नाही. त्या सद्‌गृहस्थांचा बिचाऱ्यांचा काय दोष!

आमच्या मंडळींनी फक्त एकच प्रश्न विचारला. चकल्यांचा डबा पुढे सरकवीत ती म्हणाली, "ज्याला काढायचं म्हणता, त्याला ठेवला किती दिवस होता, ते माहीत आहे का कोणाला?"

कोणालाच माहीत नव्हते. माझ्या या लेखाचे सारे सार त्या एका प्रश्नात आहे, आणि तो प्रश्न माझा नाही, हे कबूल करून पुढे लिहितो.

माझे म्हणणे स्पष्ट आहे. 'पुढचा प्रशिक्षक कोण' हा वाद आपण घालतो, तेव्हा आपण गुरू निवडीत नसतो, पुढचा गुन्हेगार नेमून ठेवीत असतो. हरल्यावर ज्याच्या नावाने बोटे मोडावयाची, त्याचे नाव आधीच मुक्रर करावयाचे, म्हणजे ऐन वेळी शोधाशोध नको! नाहीतर 'कोण' या शब्दाबरोबर 'किती वर्षांसाठी', 'कोणत्या अधिकाराने', 'संघ निवडताना त्याचा शब्द चालणार की नाही', हे प्रश्न कोणाच्या तोंडी का येऊ नयेत?

भाऊजी आणि भाचा ज्या चंद्रकांत पंडितांवरून भांडत होते, त्यांचीच हकीकत घ्या. माणूस मूळचा मुंबईचा, भारताकडून पाच कसोटी सामने खेळलेला. २०१५-१६ साली त्यांच्या हाताखाली मुंबईने रणजी करंडक जिंकला. पुढच्याच हंगामात, जानेवारी २०१७ मध्ये, मुंबई अंतिम सामन्यात गुजरातकडून हरली. सामना इंदूरच्या होळकर मैदानावर होता. झाले! मुंबईने पंडितांना निरोप दिला. एक करंडक आणि एक उपविजेतेपद एवढी कमाई असलेला माणूस मुंबईला नकोसा झाला. विदर्भाने त्यांना उचलले आणि जे घडले ते आपण सर्वांनी पाहिले. १९५७-५८ पासून रणजीत खेळणाऱ्या आणि साठ वर्षे कोणाच्या खिजगणतीत नसलेल्या विदर्भाने १ जानेवारी २०१८ रोजी दिल्लीला नऊ गडी राखून हरविले. कोठे? त्याच इंदुरात, त्याच होळकर मैदानावर! फैज फजल कर्णधार. रजनीश गुरबानीने अंतिम सामन्यात त्रिक्रम साधला. पुढच्या वर्षी नागपुरात सौराष्ट्राला ७८ धावांनी हरवून करंडक घरातच ठेवला. पुढे पंडित मध्यप्रदेशाकडे गेले आणि जून २०२२ मध्ये बंगळुरास मध्यप्रदेशाने आपला पहिला रणजी करंडक जिंकला. समोर कोण होते? मुंबई!

आता २०२४ साली आमच्या ओसरीवर काय चालले होते पाहा. अंतिम सामन्यात हरला, म्हणून प्रशिक्षक बदला. सात वर्षांपूर्वी मुंबईने जी चूक केली आणि जिच्यामुळे आपले भाग्य उजळले, तीच चूक आपल्या हातून व्हावी म्हणून माझा भाचा चिवडा खाता खाता देव पाण्यात घालून बसला होता.

सुदैवाने विदर्भाच्या क्रिकेटचा कारभार आमच्या ओसरीवरून चालत नाही. घनी राहिले. मार्च २०२५ मध्ये जामठ्याच्या मैदानावर केरळविरुद्धचा सामना अनिर्णित राहिला, पण पहिल्या डावातल्या ३७ धावांच्या आघाडीवर विदर्भाने तिसऱ्यांदा करंडक घेतला. दानिश मालेवार या कोवळ्या पोराने १५३ धावा काढल्या. हर्ष दुबेने त्या हंगामात ६९ बळी घेतले. रणजीच्या इतिहासात एका हंगामात इतके बळी त्याआधी कोणी घेतले नव्हते. घरचा मास्तर पोरांना भीत घालू शकत नाही म्हणे!

आणि 'घरचा की बाहेरचा' या वादाची तर त्या सामन्याने पुरती शोभा केली. २०१९ च्या अंतिम सामन्यात अकरा बळी घेऊन आपल्याला करंडक देणारा आदित्य सरवटे या वेळी केरळकडून खेळत होता आणि ७९ धावा काढून आपल्याच छातीवर बसला होता. उलट दोन्ही डावांत विदर्भाला तारले ते करुण नायरने, ८६ आणि १३५ धावा काढून. तो कर्नाटकातून आलेला, आणि आडनावावरूनच कळते की मुळे केरळात! मग घरचा कोण आणि बाहेरचा कोण? कर्नल सी. के. नायडूंचा जन्म नागपूरचा, १८९५ सालचा. भारताच्या पहिल्या कसोटी संघाचे ते कर्णधार. पण त्यांनी रणजी करंडक जिंकून दिला तो इंदूरच्या होळकर संघाला, एकदा नव्हे, चार वेळा. नागपूरचा माणूस इंदूरला गेला आणि मुंबईचा माणूस नागपूरला आला. खेळाने हा हिशेब केव्हाच फेडून टाकला आहे. आपण मात्र अजून खातेवही उघडून बसलो आहोत.

हे डोके केवळ आपल्या ओसरीवरचे, असे मात्र समजू नका. वरच्या गादीवरही तेच. १९३२ साली इंग्लंडच्या दौऱ्यावर पोरबंदरचे महाराज कर्णधार म्हणून गेले. ते संस्थानिक होते, हीच त्यांची पात्रता. मात्र लॉर्ड्‌सवर कसोटीच्या दिवशी त्यांनी बाजूला होऊन नायडूंना पुढे केले, एवढा शहाणपणा त्यांच्यापाशी होता. १९५८-५९ साली तेवढाही उरला नाही. वेस्ट इंडीजविरुद्ध पाच सामने आणि कर्णधार चार! मुंबईला पॉली उम्रीगर, कानपूर आणि कलकत्त्याला गुलाम अहमद. मद्रासला पुन्हा उम्रीगर व्हावयाचे होते, पण संघात कोणाला घ्यावयाचे यावरून वरिष्ठांशी बिनसले आणि सामन्याच्या तोंडावर त्यांनी राजीनामा दिला. मग विनू मंकड. दिल्लीला हेमू अधिकारी. तीन सामने गमावले. त्यानंतर १९५९ च्या इंग्लंड दौऱ्यावर पाचवा माणूस, दत्ताजी गायकवाड, आणि तेथे पाचच्या पाच सामने गमावले. एका वर्षात पाच डोकी बदलली, पण कोणाच्या डोक्यात काय चालले आहे हे पाहावयास कोणाला सवड झाली नाही. उम्रीगर अधिकार मागत होते. त्यांना नुसते पद मिळत होते.

अजित वाडेकरांचे तर काय सांगावे! १९७१ साली विजय मर्चंट यांच्या निर्णायक मताने ते कर्णधार झाले, पतौडींच्या जागी. त्याच वर्षी वेस्ट इंडीजमध्ये आणि इंग्लंडमध्ये भारताने मालिका जिंकल्या. इंदूरकरांनी आनंदाच्या भरात काँक्रीटची प्रचंड बॅट उभारली. तीन वर्षांनी, १९७४ मध्ये, लॉर्ड्‌सवर ४२ धावांत संघ कोसळला आणि मालिका ३-० ने गेली. त्या बॅटीला लोकांनी काळे फासले. वाडेकर त्यानंतर कसोटी खेळले नाहीत. सिमेंटच्या बॅटीलाही जेथे क्षमा नाही, तेथे हाडामांसाच्या माणसाने कोणाकडे दाद मागावी?

कोणी म्हणेल, मास्तर, तिकीट आम्ही काढतो, उन्हात आम्ही बसतो, मग बोलावयाचे पण नाही काय? अवश्य बोला. ग्रेग चॅपेलसारखा नावाजलेला माणूस २००५ साली आणला आणि २००७ च्या विश्वचषकात पहिल्याच फेरीत आपण बाहेर पडलो, तेव्हा लोक बोलले ते वावगे नव्हते. चुकलेल्याला चुकला म्हणणे हा प्रेक्षकाचा हक्कच आहे. पण त्यानंतर जो गॅरी कर्स्टन आला, त्याचे नाव कोणत्या पानठेल्यावर कोणी सुचविले होते? प्रशिक्षक म्हणून त्याच्या गाठीशी फारसे काही नव्हते. त्याला तीन वर्षे शांतपणे काम करू दिले आणि २०११ चा विश्वचषक घरी आला. ज्यांची नावे आपण ओरडतो, ती आपल्याला ठाऊक असतात म्हणून ओरडतो. ठाऊक असणे म्हणजे योग्य असणे नव्हे.

इतका वेळ दुसऱ्यांवर कोरडे ओढले, आता एक स्वतःच्या पाठीवर ओढून घेतो. मी मास्तर आहे. बऱ्याच वर्षांपूर्वी मी एका खेड्यातल्या शाळेत होतो. तेथे एक वयस्क सहकारी मुलांची कबड्डी घेत. धान कापणीच्या दिवसांत निम्मी मुले शेतावर असत, तरी उरलेल्यांना घेऊन ते अंधार पडेपर्यंत मैदानावर राबत. दोन वर्षे संघ तालुक्याला उपांत्य फेरीत हरला. गावात सभा भरली. आजच्या भाच्याच्या तोंडचे शब्द त्या दिवशी माझ्या तोंडी होते. "नवं रक्त पाहिजे", मी उभा राहून म्हणालो, टाळ्याही घेतल्या. विद्यापीठाकडून खेळलेला एक तरुण आणला. त्याला वेळापत्रकात तास मिळाला नाही, मैदान आखावयास चुन्याचे पैसे मिळाले नाहीत. संघ पहिल्याच फेरीत हरला आणि आम्ही तिसरे नाव शोधावयास लागलो. चौथ्या वर्षी संघच नव्हता. त्या संघातला सर्वांत चपळ गडी आज राईस मिलमध्ये पोती उचलतो. तो खेळत राहिला असता तर फार मोठा झाला असता असे मी म्हणत नाही. पण संध्याकाळी खेळला असता.

ते सहकारी आता निवृत्त आहेत. आठवडी बाजारात भेटतात. भाजीची पिशवी खाली ठेवून एकेका मुलाची नावानिशी चौकशी करतात. माझ्या त्या भाषणाचा विषय त्यांनी आजवर काढलेला नाही.

कॅलेंडरचे ते पान आमच्या मंडळींनी जपून ठेवले आहे. करंडक जिंकल्यावर पुढच्या भेटीत मी ते भाच्यासमोर धरले. त्याने नीट पाहिले आणि म्हणाला, "मामाजी, हे अक्षर तुमचं आहे." भाऊजींनी चष्मा नसल्याचे सांगितले. पानठेलेवाल्याने तर घनी राहिलेच पाहिजेत असे आपण पहिल्या दिवसापासून म्हणत होतो, अशी शपथ घेतली. पान पुन्हा चकल्यांच्या डब्याखाली गेले आहे. मागची बाजू भरली, पण कडेला थोडी जागा आहे. मी तेथे दोन रकाने आखून ठेवले आहेत, एक नावाचा आणि एक वर्षांचा. पुढच्या वेळी जो नाव सांगेल त्याला दुसरा रकाना भरून सही करावी लागेल, नाहीतर अनारसा मिळणार नाही. मंडळींचे म्हणणे असे, की पहिली सही माझी असावी.