दात कशाने घासता?

'काही व्यसन आहे का?' दवाखान्यात असे विचारले की बहुतेक बायका 'नाही' म्हणतात. त्या खोटे बोलत नसतात. त्याऐवजी 'दात कशाने घासता?' असे विचारून पाहा. काही जणींकडून सहज उत्तर येते, 'मशेरी लावते.'

तव्यावर काळाकुट्ट होईपर्यंत भाजून कुटलेला तंबाखू म्हणजे मशेरी. तिचे क्रियापदही फसवे आहे. विडी ओढतात, तंबाखू खातात. मशेरी मात्र कुंकवासारखी नुसती 'लावतात'. पण हिरडीवर बोट फिरले की निकोटिन तिथूनच रक्तात उतरते. मग सकाळची एक वेळ पुरत नाही. जेवणानंतर, दुपारी काम उरकल्यावर, झोपताना डबी उघडतेच. एखाद्या दिवशी नाही लावली तर डोके धरते, पोट साफ होत नाही, चिडचिड होते. याला तलफ नाही तर काय म्हणायचे?

पुष्कळदा सुरुवात दाढदुखीने होते. ठणका थोडा कमी वाटतो, म्हणून घरातलीच कुणी मोठी बाई डबी पुढे करते. पुढे हिरडी खाली सरकते, दातांची मुळे उघडी पडतात, दात हलू लागतात आणि दुखते म्हणून पुन्हा मशेरी. तोंडात पांढरा चट्टा उमटला तर धोका कर्करोगाचा. गरोदरपणी लावली तर कमी वजनाचे बाळ जन्मण्याची शक्यता वाढते.

तंबाखू असलेल्या टूथपेस्ट आणि दंतमंजनांवर केंद्र सरकारने १९९२ मध्येच बंदी घातली. पण घरच्या तव्यापर्यंत ती बंदी कशी पोहोचणार? तंबाखूच्या पाकिटाच्या ८५ टक्के भागावर इशारा छापणे २०१६ पासून सक्तीचे आहे. सुटा तंबाखू आणून घरी भाजणारीला तोही दिसत नाही. ३१ मेच्या फलकांवर तर सिगारेटच जास्त.

म्हणून माझे म्हणणे एवढेच, की गरोदर बाईची नाव-नोंदणी करताना आशाताईंनी किंवा परिचारिकेने दात कशाने घासता, हे विचारावे आणि कागदावर लिहावे. सोडायची इच्छा असेल तर १८००-११-२३५६ या क्रमांकावर मोफत सल्ला मिळतो. मात्र त्याआधी तिची दुखरी दाढ दंतवैद्याला दाखवायला हवी. ती तशीच ठेवून मशेरी सोडायला सांगणे म्हणजे तिच्या हातातले एकमेव औषध काढून घेणे, आणि अशी बाई दुसऱ्या दिवशी डबी उघडणारच.