परदेशात शिकताना तालमीला वेळ कुठून आणायचा? गणित नेमकं कुठे बिघडतं?

ऑक्टोबरचा मधला आठवडा. ब्रिटनमधल्या एखाद्या विद्यापीठातल्या भारतीय विद्यार्थ्यांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर साधारण तीन प्रकारचे मेसेज पडत असतात. 'आज तालीम साडेसहाला, वेळेत या.' 'माझी शिफ्ट आहे, आठपर्यंत पोचतो.' 'सॉरी, उद्या असाइनमेंट सबमिट करायची आहे, आज जमणार नाही.' दिवाळीचा कार्यक्रम तोंडावर आलेला असतो आणि दहा जणांच्या नाचाला एका वेळी दहा जण कधीच हजर नसतात.

अभ्यास आणि तालीम यांची ओढाताण महाराष्ट्रातल्या मुलांना नवी नाही. पुण्यातल्या पुरुषोत्तम करंडकासाठी १९६३ पासून कॉलेजची मुलं लेक्चर बुडवून, रात्री जागून एकांकिका बसवत आली आहेत. मग परदेशात गेल्यावर असं काय बदलतं, की इथे सहज जमणारी गोष्ट तिथे डोईजड होते?

'टाइम मॅनेजमेंट जमत नाही' हे त्याचं नेहमीचं उत्तर. पण अभ्यासक्रमाची रचना, वर्षाचं वेळापत्रक आणि व्हिसाचे नियम एकत्र पाहिले तर वेगळंच चित्र दिसतं.

इथे तीन वर्षं, तिथे एकच

आपल्याकडे कॉलेजचं नाटक बहुतेक जण पदवीच्या वर्षांत करतात. हातात तीन-चार वर्षं असतात. पुरुषोत्तमची प्राथमिक फेरी साधारण ऑगस्टमध्ये होते, म्हणजे वर्ष नुकतंच सुरू झालेलं असतं आणि परीक्षा लांब असतात. घरचा डबा असतो, भाड्याची चिंता नसते. एक सत्र हुकलं तरी पुढच्या सत्रात भरून काढता येतं.

परदेशी जाणारी बहुतेक भारतीय मुलं मात्र पदव्युत्तर शिक्षणासाठी जातात. अमेरिकेतल्या 'ओपन डोअर्स' अहवालानुसार २०२३-२४ मध्ये तिथे ३,३१,६०२ भारतीय विद्यार्थी होते. त्यातले १,९६,५६७ पदव्युत्तर अभ्यासक्रमांना होते आणि पदवीचं शिक्षण घेणारे फक्त ३६,०५३. ब्रिटनमध्येही भारतीयांचा मोठा ओढा मास्टर्सकडेच आहे आणि तिथलं मास्टर्स बहुतांशी एका वर्षात संपतं.

म्हणजे ज्या वयात आणि ज्या अभ्यासक्रमात नाटक-नाच करायला मोकळीक असते, तो टप्पा ही मुलं भारतातच संपवून गेलेली असतात. हौस तीच असते, पण वर्ष एकच असतं.

१८०० तासांचा हिशेब

ब्रिटनमध्ये पूर्ण मास्टर्स १८० क्रेडिटचं असतं. एक क्रेडिट म्हणजे अभ्यासाचे साधारण १० तास. त्यात लेक्चर, वाचन, असाइनमेंट आणि प्रबंध सगळं धरलेलं असतं. म्हणजे वर्षभरात १८०० तास. हे ४८ आठवड्यांवर पसरले तर आठवड्याला साडेसदतीस तास होतात. लेक्चर आठवड्याला दहा-बारा तासच असल्यामुळे नव्या विद्यार्थ्याला सुरुवातीला वाटतं की वेळच वेळ आहे. उरलेले पंचवीस तास स्वतःच्या जबाबदारीवर करायचे असतात, हे पहिल्या असाइनमेंटच्या वेळी कळतं.

आता आठवड्याच्या १६८ तासांचा हिशेब मांडू. अभ्यास साडेसदतीस तास. विद्यार्थी व्हिसावर सत्र चालू असताना जास्तीत जास्त २० तास नोकरी करता येते, ते २० तास. रोज सात तास झोप धरली तर ४९. उरतात साडेएकसष्ट तास. स्वयंपाक, भांडी, कपडे, बाजारहाट, बसचा प्रवास, घरी फोन हे सगळं त्यातच. आठवड्यात तीन संध्याकाळी अडीच-अडीच तास तालीम केली तर साडेसात तास लागतात. कागदावर हे बसतं.

गणित बिघडतं ते शेवटच्या दहा दिवसांत. प्रयोग जवळ आला की तालीम रोज होते आणि चार-चार तास चालते. नेमकी तेव्हाच एखाद्याची असाइनमेंट येते, एखाद्याला शनिवार-रविवारची शिफ्ट बदलून मिळत नाही. म्हणजे वेळ कमी पडतो असं नाही, हवा तेव्हा मिळत नाही. महिन्याची सरासरी काढणाऱ्याला हा पेच दिसत नाही. तालमीला 'हो' म्हणताना मुलं सरासरीच बघतात आणि तिथेच फसतात.

तिथलं कॅलेंडर आपल्या सणांना ओळखत नाही

महाराष्ट्रात दिवाळीला कॉलेजं बंद असतात. ब्रिटनमध्ये पहिलं सत्र साधारण सप्टेंबरच्या अखेरीस सुरू होतं आणि दिवाळी ऑक्टोबरच्या मध्यापासून नोव्हेंबरच्या मध्यापर्यंत कधीही येते. दिवाळीच्या कार्यक्रमात नाचणाऱ्या नव्या मुलाला त्या देशात येऊन कधीकधी महिनाही झालेला नसतो. घर शोधणं, बँक खातं, पार्टटाइम नोकरी आणि तालीम सगळं एकाच महिन्यात येतं.

मोठ्या कंपन्यांच्या पदवीधर भरतीचे अर्जही याच सुमारास सुरू असतात. शिक्षणानंतर ब्रिटनमध्ये राहून काम करण्यासाठी मिळणारा 'ग्रॅज्युएट' व्हिसा आतापर्यंत दोन वर्षांचा होता. १ जानेवारी २०२७ पासून अर्ज करणाऱ्या पदवी आणि मास्टर्सच्या विद्यार्थ्यांना तो १८ महिन्यांचाच मिळणार आहे. साहजिकच नोकरीची धावपळ पहिल्या सत्रातच सुरू होते आणि तालमीच्या संध्याकाळींवर आणखी एक वाटेकरी येतो.

उन्हाळ्यातही सुटका नाही. एडिंबरामध्ये १९४७ पासून दर ऑगस्टमध्ये 'फ्रिंज' महोत्सव होतो. तिथे जगभरातल्या विद्यार्थ्यांची नाटकं होतात. केंब्रिजच्या १८८३ पासून चालत आलेल्या 'फूटलाइट्स' मंडळाचे विद्यार्थीही तिथे प्रयोग करतात. पदवीच्या विद्यार्थ्यांना ऑगस्ट सुट्टीचा असतो. एका वर्षाच्या मास्टर्सवाल्यांसाठी मात्र तो प्रबंध लिहिण्याचा असतो.

एका दिवसाच्या उशिराची किंमत

भारतात कॉलेजच्या संघात असल्याचं पत्र दाखवून हजेरीत सवलत मिळते, सर सांभाळून घेतात. ब्रिटनमध्ये असाइनमेंटची मुदत वाढवून घ्यायला आजारपण, घरातला मृत्यू अशी कारणं लागतात. सांस्कृतिक कार्यक्रमाची तालीम हे कारण सहसा मान्य होत नाही.

मास्टर्सला उत्तीर्ण व्हायला साधारण ५० गुण लागतात. अनेक विद्यापीठांत उशिराच्या प्रत्येक दिवसाला पाच गुण कापले जातात. समजा एखाद्याला ५८ गुणांचं काम जमलं, पण प्रयोगाच्या गडबडीत ते दोन दिवस उशिरा गेलं. हातात पडतात ४८, म्हणजे नापास. पुन्हा सादर केलं तर बहुतेक ठिकाणी कितीही चांगलं लिहिलं तरी ५० च्या वर गुण मिळत नाहीत. ज्याच्या शिक्षणासाठी घरच्यांनी कर्ज काढलेलं आहे, त्याला हे दोन दिवस फार महागात पडतात.

व्हिसाचा यात काय संबंध?

दोन ठिकाणी संबंध येतो. पहिला हजेरीचा. परदेशी विद्यार्थी खरोखर शिकतोय की नाही यावर लक्ष ठेवणं ब्रिटनमध्ये विद्यापीठाला बंधनकारक आहे. सतत गैरहजर राहणाऱ्याची माहिती गृह विभागाला द्यावी लागते आणि प्रकरण व्हिसा रद्द होण्यापर्यंत जाऊ शकतं. स्थानिक विद्यार्थ्यानं लेक्चर बुडवलं तर गुणांचं नुकसान होतं. परदेशी विद्यार्थ्याचा तिथला मुक्कामच धोक्यात येतो.

दुसरा संबंध मानधनाचा. विद्यार्थी व्हिसावर ब्रिटनमध्ये स्वतंत्र व्यवसाय करता येत नाही आणि व्यावसायिक कलाकार म्हणून कामही करता येत नाही. विद्यापीठाच्या मंडळात हौसेनं नाचणं वेगळं. पण तोच ग्रुप बाहेरच्या आयोजकाकडून पैसे घेऊन लग्नात किंवा गरब्यात नाचायला लागला तर नियम मोडू शकतो. 'पॉकेटमनी सुटेल' म्हणून आलेलं आमंत्रण स्वीकारण्याआधी विद्यापीठाच्या आंतरराष्ट्रीय विद्यार्थी कक्षात विचारणं शहाणपणाचं.

अमेरिकेतही वेगळं काही नाही. एफ-१ व्हिसावरच्या पदवीच्या विद्यार्थ्याला दर सत्रात किमान १२ क्रेडिट घ्यावी लागतात. मास्टर्सला ही मर्यादा विद्यापीठ ठरवतं. तालमींमुळे झेपत नाही म्हणून मध्येच एखादा विषय परस्पर सोडला आणि क्रेडिट मर्यादेखाली गेली, तर व्हिसाचा दर्जा जाऊ शकतो. विषय सोडण्याआधी विद्यापीठातल्या नेमलेल्या अधिकाऱ्याची परवानगी लागते आणि ती ठरावीक कारणांसाठीच मिळते.

मग तालीम सोडूनच द्यायची का?

हिशेब मांडला तर 'वर्षभर गप अभ्यास करा' हाच सल्ला निघेल. बरेच पालक फोनवर तोच देतात. पण त्यात एक गोष्ट सुटते.

नव्या देशात पहिल्या दोन महिन्यांत माणसं भेटतात कुठे? लेक्चर संपलं की वर्ग पांगतो. शिफ्टवर बोलायला फुरसत नसते. तालमीच्या खोलीत मात्र तेच दहा चेहरे पुन्हा पुन्हा भेटतात. खोली कुठे स्वस्त मिळेल, कुठल्या दुकानात माणूस हवाय, कुठल्या प्राध्यापकाला कशी मांडणी आवडते, ही माहिती सीनिअर मुलांकडून पाणी प्यायच्या सुट्टीत मिळते. एखादा मुलगा चार दिवस आला नाही तर 'कुठे आहेस रे?' असं विचारणारं कुणीतरी असतं. घरापासून हजारो मैलांवर याची किंमत तासांत मोजता येत नाही.

आणि हे जमवलेलीही मुलं आहेत. पेनसिल्व्हेनिया विद्यापीठातल्या विद्यार्थ्यांनी १९९६ मध्ये 'पेन मसाला' हा वाद्यांशिवाय गाणारा दक्षिण आशियाई गट सुरू केला. शिक्षण संपलेली मुलं बाहेर पडतात, नवी येतात, पण गट अजून सुरू आहे. २००९ मध्ये व्हाइट हाउसच्या दिवाळीत हा गट गायला, २०१५ च्या 'पिच परफेक्ट २' या चित्रपटातही दिसला. मात्र हा मुख्यतः पदवीच्या मुलांचा गट आहे. चार वर्षं हाताशी असतात, निवड चाचणी होते, काम वाटून घेतलेलं असतं. एका वर्षासाठी आलेल्या मुलांनी त्यांच्यासारखं वेळापत्रक आखलं तर दमछाक ठरलेली.

जमवायचं कसं?

• तारखा आधी, होकार नंतर. विषयांच्या माहितीपुस्तिकेत वर्षभराच्या मुदती दिलेल्या असतात. प्रयोगाच्या आधीच्या दहा दिवसांत काय येतंय ते बघूनच नाव द्यावं.

• मुदत पाच दिवस अलीकडे ओढावी. प्रयोगाच्या आठवड्यातली असाइनमेंट आधीच्या आठवड्यात संपवायची. गुण वाचवण्याचा हाच खात्रीचा मार्ग.

• भूमिका पेलेल तेवढीच घ्यावी. दोन नाच, एक गाणं आणि सूत्रसंचालन असं सगळं एकानं घेऊ नये. प्रकाशयोजना, ध्वनी, वेशभूषा यांची कामं कमी तालमींत होतात आणि माणसं तितकीच भेटतात.

• शिफ्ट महिनाभर आधी बदलून घ्यावी. प्रयोगाच्या आदल्या दिवशी मागितलेली सुट्टी क्वचितच मिळते.

• बसवणाऱ्यांनी तुकड्यांत बसवावं. रोज दहाही जणांना बोलावण्याऐवजी प्रवेशागणिक तीन-चार जण बोलवावेत आणि पूर्ण तालमी मोजक्याच, पण सक्तीच्या ठेवाव्यात. प्रत्येक भूमिकेला एक बदली माणूस तयार असला तर कुणाची परीक्षा कार्यक्रमाच्या आड येत नाही.

• अडचण आली तर लवकर बोलावं. तालीम हे मुदतवाढीचं कारण होत नसलं, तरी आजारपण किंवा मानसिक ताण असेल तर तो मुदत टळण्याआधी विद्यापीठाला कळवायला हवा. नंतर सांगितलेलं सहसा ग्राह्य धरत नाहीत.

घरच्यांनीही एक लक्षात ठेवायला हवं. 'नाचायला पाठवलंय का?' या प्रश्नानंतर मुलं तालमीबद्दल बोलायचं थांबवतात आणि मग अभ्यास अडला तरी सांगत नाहीत. त्याऐवजी 'असाइनमेंट कधी आहे आणि कार्यक्रम कधी आहे?' असं विचारलं, तर दोन्ही तारखा एका कागदावर येतात. त्या एकमेकींवर आदळणार आहेत का, हे मग मुलाला आणि घरच्यांना वेळेत दिसतं.