दीड, अडीच, साडेतीन

बाळ-बाळंतीण दवाखान्यातून घरी निघतात तेव्हा फायलीत बरेच कागद असतात. रक्तगटाचा, काविळीच्या तपासणीचा, बिलाचा, शिवाय लसीकरणाचं कार्ड. पुण्यातल्या अनेक प्रसूतिगृहांत हल्ली त्यात आणखी एक छोटा कागद असतो, कानांच्या तपासणीचा. दोन्ही कानांपुढे ‘पास’ असेल तर तूर्त काळजी नाही. एखाद्या कानापुढे ‘रेफर’ असेल तर बाळाला पुन्हा आणायचं असतं. त्यातली कितीतरी बाळं परत येतच नाहीत. नवजात बालकांच्या श्रवण तपासणीवर डॉक्टरांच्या आणि ऑडिओलॉजिस्टच्या ज्या परिषदा भरतात, त्यांत सगळ्यात जास्त वेळ या न आलेल्या बाळांना मिळायला हवा, असं मला मनापासून वाटतं.

ही तपासणी मी जवळून पाहिली आहे. पोटभर दूध पिऊन बाळ आईच्या कुशीत झोपलं होतं. ऑडिओलॉजिस्टबाईंनी पंखा बंद करायला लावला, शेजारच्या खाटेजवळ बसलेल्या आजींना मोबाइलचा आवाज बंद करायची विनंती केली आणि मऊ टोकाचा एक बारीकसा प्रोब बाळाच्या कानात अलगद बसवला. यंत्रातून टिकटिक असे हलके आवाज कानात जातात. आतला कान निरोगी असेल तर तिथल्या सूक्ष्म केसपेशी त्या आवाजाला स्वतः एक अतिशय क्षीण आवाज करून उत्तर देतात आणि यंत्रातला मायक्रोफोन तो टिपतो. कान असा आवाज करतो, हे लंडनच्या डेव्हिड केम्प यांनी १९७८ साली दाखवून दिलं. त्यावरच ही ‘ओएई’ तपासणी उभी आहे. सुई नाही, रक्त नाही. काही मिनिटांत दोन्ही कान तपासून झाले, बाळाची झोपही मोडली नाही.

‘रेफर’ आला म्हणजे बाळ बहिरं आहे असं मुळीच नाही. पहिल्या एक-दोन दिवसांत कानाच्या नळीत गर्भजलाचा ओलावा आणि जन्माच्या वेळचा पांढरा चिकट थर राहिलेला असतो, त्यानेही असा निकाल येतो. म्हणून दवाखान्यात सांगतात, ‘घाबरू नका, ओलावा असेल, दीड महिन्याने दाखवा.’ घरच्यांच्या मनात ‘घाबरू नका’ एवढंच राहतं. मग बाळ दचकतं का ते घरीच पाहिलं जातं. कोणी थाळी वाजवतं, कोणी दार आपटतं, बाळ डोळे मिचकावतं आणि सगळे निर्धास्त होतात. थाळीचा हादरा अंगाला जाणवतो, वाजवणारा हात डोळ्यांना दिसतो, याचा विचार कोणी करत नाही. ऐकू न येणारं बाळही पहिले काही महिने हुंकार देतं, हसतं, रडतं. पुढे वर्ष-दीड वर्ष झालं तरी बोलत नाही, तेव्हा ‘याचे बाबाही उशिराच बोलायला लागले होते’ असं सांगणारं कोणीतरी घरात असतंच. असं करता करता तीन वर्षं निघून जातात.

आपल्याकडे आणखी एक गोष्ट आहे. पहिलं बाळंतपण माहेरी होतं. सून पुण्यात हडपसरला राहणारी, बाळंत झाली लातूरला, तिसऱ्या महिन्यात बाळाला घेऊन परत आली. कधी याच्या उलट, माहेर पुण्यात आणि सासर बीडला. पहिली तपासणी एका गावात, दुसरीची वेळ आली तेव्हा बाळ दुसऱ्या गावात. बांधकामावरच्या आणि ऊसतोडीच्या कुटुंबांचं तर गावच हंगामागणिक बदलतं. आईवर निष्काळजीपणाचा ठपका ठेवणं सोपं आहे, पण तो अन्याय आहे. टाके ओले, रात्रीची झोप नाही, आणि सव्वा महिना घराबाहेर पडू नये असं सगळे बजावत असतात. त्यात निव्वळ कानासाठी वेगळी खेप तिने कोणाच्या भरवशावर करावी?

या दिरंगाईची किंमत मोठी आहे. साधारण हजारात एक ते तीन बाळांना जन्मतःच कायमची श्रवणहानी असते. अतिदक्षता विभागात राहिलेल्या बाळांत हे प्रमाण कितीतरी जास्त आढळतं. अमेरिकेत कोलोराडो राज्यात ख्रिस्तीन योशिनागा-इटानो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १५० मुलांचा अभ्यास १९९८ मध्ये प्रसिद्ध केला. ज्यांचं निदान सहा महिन्यांच्या आत झालं, त्यांची भाषा उशिरा निदान झालेल्यांपेक्षा स्पष्टपणे पुढे होती. पहिल्या महिन्यात तपासणी, तिसऱ्यापर्यंत पक्कं निदान, सहाव्यापर्यंत उपाय सुरू, हा जगभर मानला जाणारा दंडक त्यासाठीच आहे.

हा दंडक आपल्या घरांत आधीच रुळलेल्या एका वेळापत्रकात चपखल बसतो. दीड, अडीच, साडेतीन. लसीच्या या तारखा आजीलाही पाठ असतात. बाळ माहेरी असो वा सासरी, लस चुकत नाही आणि लसीचं कार्ड बाळाबरोबर गावोगाव फिरतं. मग दीड महिन्याच्या लसीच्या दिवशीच ‘रेफर’ आलेल्या बाळाचे कान पुन्हा तपासावेत. अडीच महिन्यांच्या लसीला ‘बेरा’ ही पक्क्या निदानाची तपासणी झाली का, नसेल तर तारीख मिळाली का, हे विचारावं. साडेतीनला श्रवणयंत्राचं काय झालं ते बघावं. केरळात कोचीमध्ये २००३ पासून बालरोगतज्ज्ञ डॉ. अब्राहम पॉल यांच्या पुढाकाराने जी पद्धत सुरू झाली, तिचा गाभा हाच होता. प्रत्येक रुग्णालयाने यंत्र घेण्याऐवजी एकच यंत्र आणि ते चालवणारी व्यक्ती रुग्णालयांत फिरते, आणि दुसरी तपासणी सहा आठवड्यांच्या लसीला होते.

अतिदक्षता विभागातल्या बाळांसाठी मात्र ओएई पुरेशी नाही. रक्त बदलावं लागण्याइतकी कावीळ, जन्मताना गुदमरणं, फार कमी वजन यांत कधी कान ठीक राहतो, पण मेंदूकडे आवाज नेणारी नस बिघडते. ओएई तिथे ‘पास’ दाखवते आणि घरचे फसतात. अशा बाळांना बेराच्या पद्धतीची, म्हणजे मेंदूपर्यंत आवाज पोचतो का हे पाहणारी तपासणी हवीच.

पुढची वाटही बऱ्यापैकी आखलेली आहे. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाची सुरुवात २०१३ मध्ये आपल्याच पालघरला झाली आणि जन्मजात बहिरेपण त्याच्या यादीत आहे. केंद्राच्या एडिप योजनेतून पाच वर्षांखालच्या गरजू मुलाच्या कॉक्लिअर इम्प्लांटसाठी मदत मिळण्याची सोय झाली, आणि तिचं काम मुंबईतली अली यावर जंग राष्ट्रीय संस्था पाहते. इम्प्लांटनंतर कितीतरी महिने वाचा-उपचार घ्यावे लागतात. काही कुटुंबं सांकेतिक भाषेची वाट धरतील, तीही पूर्ण भाषा आहे आणि तीसुद्धा लवकर मिळाली तरच मुलाची होते. कोणतीही वाट घेतली तरी तिची सुरुवात वेळेवर कळण्यापासून होते.

पुण्याकडे ससून आहे, केईएम आहे, महापालिकेचं कमला नेहरू आणि सोनवणे प्रसूतिगृह आहे, भारती विद्यापीठात ऑडिओलॉजिस्ट घडतात. म्हणून या विषयावरची पुढची परिषद पुण्यात भरेल तेव्हा लस टोचणाऱ्या सिस्टरला आणि आशाताईंना तिथे वक्त्या म्हणून बोलवावं. तीन वर्षं उशिरा कळलेल्या मुलाच्या आईलाही बोलू द्यावं. आणि एक ठराव करून उठावं की लसीच्या कार्डावर कानाच्या तपासणीचा रकाना असेल, आणि तो कोरा असेल तर लस देणारी व्यक्ती विचारल्याशिवाय पुढे जाणार नाही.

तोवर हे काम आपल्याला करता येईल. नात्यात, शेजारी बाळ झाल्याचा पेढा हातात आला की अभिनंदनानंतर विचारावं, कान तपासले का, आणि पुन्हा कधी बोलावलंय? उत्तर ‘दीड महिन्याने’ असेल तर ती तारीख आपणही लिहून ठेवावी, आणि त्या दिवशी रिक्षा घेऊन दारात उभं राहावं.