झाडीपट्टीचे नाटक आणि आपली समीक्षा

मराठी रंगभूमीचा इतिहास १८४३ साली सांगलीत विष्णुदास भाव्यांपासून सुरू होतो आणि पुण्या-मुंबईच्या नाट्यगृहांत स्थिरावतो. त्या वाटेवर झाडीपट्टी क्वचितच लागते. लागलीच तर ‘लोककला’ या प्रकरणात, दंडारीच्या शेजारी. हे वर्गीकरण मला अपुरे वाटते.

झाडीपट्टी म्हणजे भंडारा, गोंदिया, चंद्रपूर आणि १९८२ साली चंद्रपुरातून वेगळा झालेला गडचिरोली, या जिल्ह्यांतील धानाचा, तलाव-बोड्यांचा, जंगलाचा मुलूख. येथील नाटकाचे वेळापत्रक शेती ठरवते. दिवाळीनंतर धान हाती येते, मंडई भरते. दिवसा शंकरपट, रात्री नाटक. गावातले मंडळ वडशाच्या एखाद्या कंपनीला बोलावते, मांडव घालते, तिकिटे विकते. घरोघरी पाहुणे उतरतात आणि सोयरिकीची बोलणीही याच मुक्कामात होतात.

नाटक पहाटेपर्यंत चालते. हे लांबण दोष म्हणून मोजणाऱ्याने एवढे ध्यानात घ्यावे, की जंगलवाटेने परगावाहून आलेल्या प्रेक्षकाला मध्यरात्री संपणारे नाटक सोयीचे नाही. नाटकाचा घाट येथे भूगोलाने घडवला आहे. बंदिस्त नाट्यगृहाचे निकष उघड्या मांडवाला लावले, तर हाती केवळ ‘भडक’ आणि ‘पाल्हाळिक’ ही विशेषणे उरतात.

अर्थात कौतुक हीही समीक्षा नव्हे. या नाटकात नायक प्रमाण मराठी बोलतो काय, आणि झाडीबोली केवळ विनोदी पात्राच्या तोंडी येते काय, हे तपासले पाहिजे. भामरागड-एटापल्लीकडील माडिया भाषकांचे जग या मांडवात कितपत शिरते, हेही विचारले पाहिजे. झाडीपट्टीलाच सबंध गडचिरोलीचा आवाज मानणे ही पुन्हा एक सोयीस्कर चूक ठरेल.

परशुराम खुणे यांना २०२३ साली पद्मश्री मिळाली. नटाचा सन्मान झाला, त्याच्या नाटकाचे वाचन मात्र अजून व्हायचे आहे. गडचिरोलीत २०११ पासून गोंडवाना विद्यापीठ आहे, आणि ज्या गावांत हे मांडव पडतात तेथलीच मुले मराठीच्या वर्गात बसतात. त्यांना एका हंगामातील एका नाटकाची नोंद करायला सांगावे: नाटक कोणी ठरवले, कोणत्या प्रवेशाला दाद मिळाली, गावोगावी संहितेत काय बदलले. अशा शंभर नोंदी जमल्या, तर मराठी रंगभूमीच्या इतिहासाचे ते प्रकरण नव्याने लिहावे लागेल.