संजाणची गोष्ट आणि तिचे साक्षीदार

घोलवड-बोर्डीच्या मागे उभा असलेला बारड डोंगर पारशी समाजाला बाहरोट या नावाने ठाऊक आहे. डोंगरातल्या कातळगुहा एका पडलेल्या शहराची खूण सांगतात. ते शहर म्हणजे संजाण. पश्चिम रेल्वेवर घोलवडनंतर थोड्याच अंतरावर, आज गुजरातच्या वलसाड जिल्ह्यात असलेले हे गाव एके काळी अरब प्रवाशांच्या नोंदींत ‘सिंदान’ म्हणून येणारे भरभराटीचे बंदर होते. सुलतानी फौजेच्या हल्ल्यात ते पडले तेव्हा तिथल्या पारशांनी इराणशाह हा पवित्र अग्नी उचलून बाहरोटच्या गुहांत आणला. परंपरेनुसार अग्नी तिथे १२ वर्षे होता. पुढे वांसदा, मग नवसारी असा प्रवास करत तो १७४२ मध्ये उदवाड्याला पोहोचला आणि आजही तिथेच आहे.

संजाण पडल्याची हकीकत ज्या ग्रंथामुळे उरली तो ‘किस्सा-ए-संजाण’ नवसारीच्या बहमन कैकोबाद यांनी १५९९ मध्ये फारसी पद्यात रचला. एका वृद्ध दस्तुरांकडून ऐकलेली गोष्ट आपण लिहीत आहोत, हे रचनाकाराने स्वतःच सांगितले आहे. म्हणजे हा ग्रंथ मुळात मौखिक परंपरेचे दस्तऐवजीकरण आहे. त्याचे गुण आणि उणिवा दोन्ही या क्षेत्रात काम करणाऱ्यांच्या ओळखीच्या आहेत. ऐकवणाऱ्याचा उल्लेख झाला, ही जमेची बाजू. मात्र घटनांच्या नेमक्या तारखा लिहिल्या न गेल्याने संजाण नक्की केव्हा पडले, यावर आजही एकमत नाही. बहुतेक अभ्यासक किश्शातला सुलतान महमूद म्हणजे महमूद बेगडा मानून ही घटना पंधराव्या शतकाच्या उत्तरार्धात धरतात. काहींना ती अलाउद्दीन खिलजीच्या काळातली वाटते. एक तारीख सुटली आणि दीडशेहून अधिक वर्षांचा गोंधळ उभा राहिला.

संजाणचे आणखी दोन साक्षीदार आहेत. डहाणू तालुक्यातील चिंचणी येथे सापडलेल्या ताम्रपटांपैकी एक इ. स. ९२६ चा, राष्ट्रकूट राजा तिसरा इंद्र याच्या काळातला आहे. त्यानुसार संजाण मंडलाचा कारभार मधुमती नावाच्या ‘ताजिक’, म्हणजे अरब अधिकाऱ्याकडे होता आणि त्याच्या संमतीने तिथल्या एका मठाला दान मिळाले. मधुमती हे ‘मुहम्मद’चे संस्कृत रूप मानले जाते. पुढचा साक्षीदार जमिनीखालचा. २००२ ते २००४ या काळात संजाणला झालेल्या उत्खननात पश्चिम आशियाई आणि चिनी भांड्यांचे तुकडे, काचेचे मणी आणि दोखमा, म्हणजे पारशांची मृतदेह ठेवण्याची जागा, मिळाला. किस्सा एका समाजाची गोष्ट सांगतो. ताम्रपट आणि खापरे अनेक समाजांच्या शहराची.

डोंगराच्या पायथ्याशी राहणाऱ्यांची साक्ष मात्र नोंदलेली नाही. किश्शात बाहरोटची १२ वर्षे मोजक्या ओळींत उरकतात. या मुलखातील वारली, मल्हार कोळी, दुबळा, धोडी, मांगेला यांच्या आठवणींत त्या डोंगराचे काय स्थान आहे, हे विचारण्याचे पद्धतशीर काम झालेले दिसत नाही. त्यात प्रशासकीय सीमांची भर पडली. संजाण आणि तलासरी १९६० पर्यंत ठाणे जिल्ह्याच्या एकाच उंबरगाव तालुक्यात होते. राज्य विभागणीत तालुका तुटला, आणि त्याच्याबरोबर शाळेची भाषा, अभिलेखागार व संशोधकांचे लक्षही.

या मुलखाच्या स्मृतीत अलीकडच्या संघर्षाचाही एक थर आहे. मे १९४५ मध्ये झरी येथील परिषदेत आदिवासींनी वेठबिगार नाकारण्याचा निर्धार केला. १० ऑक्टोबर १९४५ रोजी तलवाडा येथे पोलिसांनी केलेल्या गोळीबारात जेठ्या गांगड यांच्यासह पाच जण मारले गेले. गोदावरी परुळेकर यांच्या ‘जेव्हा माणूस जागा होतो’ या पुस्तकामुळे हा लढा मराठी वाचकांपर्यंत पोहोचला. परंतु त्या वेळी दहा वर्षांचे असलेले मूल आज नव्वदीत आहे. इथे काम पुढच्या आर्थिक वर्षावर ढकलता येत नाही.

युद्धाने होरपळलेल्या प्रदेशांतील अलीकडचे दोन अनुभव इथे उपयोगी पडतात. सारायेव्होच्या वेढ्यात लहानपण गेलेल्या यास्मिन्को हालिलोविच यांनी २०१० मध्ये इंटरनेटवरून एकच प्रश्न विचारला: युद्धातले बालपण तुमच्यासाठी काय होते? उत्तर १६० अक्षरांत हवे होते. आलेल्या हजाराहून अधिक उत्तरांतून २०१३ मध्ये पुस्तक झाले आणि २०१७ मध्ये संग्रहालय उघडले. दुसरा अनुभव युक्रेनचा. मार्च २०२२ मध्ये जगभरातील हजाराहून अधिक स्वयंसेवकांनी तिथल्या ग्रंथालयांची, संग्रहालयांची संकेतस्थळे उतरवून सुरक्षित ठेवायला सुरुवात केली. पण असे वाचवता येते ते आधीच संगणकावर असलेले. डहाणू-तलासरीचा बराचसा ठेवा कोणत्याही सर्व्हरवर नाही. लग्न लावणारी धवलेरी जे गाते, घांगळी या वाद्यावर भगत धान्यदेवता कणसरीची जी कथा लावतो, ते माणसांच्या गळ्यात आहे.

असा ठेवा जपण्याचा नमुना महाराष्ट्रातच उपलब्ध आहे. हेमा राईरकर आणि गी पोएतवाँ यांनी सुरू केलेल्या जात्यावरच्या ओव्यांच्या प्रकल्पात हजाराहून अधिक गावांतून एक लाखावर ओव्या जमल्या. ओवी गाणारीचे नाव आणि गाव तिच्यासोबत नोंदले गेले, हे त्याचे मोठे वैशिष्ट्य. २०१७ पासून ‘पारी’च्या (पीपल्स आर्काइव्ह ऑफ रुरल इंडिया) संकेतस्थळावर हा संग्रह वाचता-ऐकता येऊ लागला.

मोबाइल फोन आल्याने ध्वनिमुद्रण सोपे झाले. नोंद सोपी झालेली नाही. प्रत्येक मुद्रणाच्या सुरुवातीलाच गाव, पाडा, तारीख, सांगणाऱ्याचे आणि विचारणाऱ्याचे नाव बोलून घ्यावे. कागद हरवला तरी ते आवाजाबरोबर राहते. मूळ फाइल व्हॉट्सॲपवर व्हिडिओ म्हणून पाठवली की दाबली जाते, म्हणून ती थेट उतरवून घ्यावी. प्रती तीन असाव्यात: दोन वेगळ्या साधनांवर आणि त्यांतली एक दुसऱ्या गावी. लेखन देवनागरीत, पण बोलीत जसे उच्चारले तसे व्हावे. वारलीचे प्रमाण मराठी करणे म्हणजे भाषांतर. ते वेगळ्या रकान्यात ठेवावे.

प्रश्नांची मांडणी त्याहून नाजूक आहे. ‘तुमच्या पूर्वजांनी पारशांना आसरा दिला का?’ असे विचारले की हवे ते उत्तर मिळते. ‘या डोंगराला काय म्हणता, तिथे कोण जाते, कशासाठी?’ असे विचारावे आणि मग ‘हे कोणाकडून ऐकले?’ हा प्रश्न कधीही वगळू नये. पर्यटनाच्या पाट्या आणि शाळेच्या सहली यांतून ऐकलेली माहिती परत लोककथा होऊन येते. आजीकडून आलेले आणि पाटीवरून आलेले यांतला फरक याच प्रश्नाने कळतो. अग्नीची कोणतीही आठवण पुढे आली नाही, तर तेही नोंदवावे. कोरा रकाना हाही पुरावा असतो.

परवानगी हा सहीपुरता विषय नाही. काही गाणी ठरावीक विधीतच गायची असतात, काही सर्वांसमोर गायची नसतात. ऑस्ट्रेलियातील वारुमुंगू समाजासोबत घडवलेल्या ‘मुकुर्तू’ या मुक्त प्रणालीत कोणी काय पाहावे, हे तो समाजच ठरवतो. पाड्यावरच्या संग्रहालाही तीच मुभा हवी, आणि पहिली प्रत पाड्यावरच राहायला हवी.

संजाणच्या नोंदी आज नवसारीच्या फारसी पद्यात, चिंचणीच्या ताम्रपटात, उत्खननाच्या अहवालात विखुरल्या आहेत. त्यांची एकच सूची मराठी आणि गुजराती या दोन्ही भाषांत, दोन्ही राज्यांतून शोधता येईल अशी करणे हे पहिले काम. त्या सूचीत बारडच्या पायथ्याच्या पाड्यांसाठी सुरुवातीपासूनच रकाना असावा. त्यात पहिली नोंद करायला फोन, वही आणि ऐकण्याची तयारी पुरेशी आहे.